टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेची ऑडिशन: आधी पट्टी ठरवा, गाणं नंतर

मी डोंबिवलीत सुगम संगीत शिकवते. ‘इंडियन आयडॉल’च्या नव्या पर्वाची घोषणा झाली की पालकांचा पहिला प्रश्न असतो, “ताई, हिच्याकडून कोणतं गाणं बसवून घ्यायचं?” माझं उत्तर दर वेळी एकच असतं. गाण्याआधी पट्टी, म्हणजे तुमचा ‘सा’ कोणत्या सुरावर धरायचा ते, पक्की करा. ऑडिशनमध्ये ऐकणाऱ्यांना तुमचा आवाज कळायला अर्धा-एक मिनिट मिळतं. तेवढ्या वेळात आवाज मोकळा लागला नाही, तर उत्तम गाणं निवडूनही उपयोग होत नाही.

तयारीची सुरुवात एखादं जुनं पर्व ऐकण्यापासून करा. मी मुलांना 12 वं पर्व ऐकायला लावते. ते 28 नोव्हेंबर 2020 ला सुरू झालं आणि 15 ऑगस्ट 2021 ला दुपारी बारा ते रात्री बारा अशा महाअंतिम फेरीनं संपलं. वही घेऊन बसा आणि अंतिम फेरीतल्या सहाही जणांची ओळख एकेका वाक्यात लिहा. पवनदीप राजन उत्तराखंडच्या चंपावतचा, वाद्यं वाजवत शांतपणे गाणारा. अरुणिता कांजीलाल पश्चिम बंगालची, गोड आणि नेमक्या सुरांची. आपली मुंबईची सायली कांबळे भरदार आवाजाची. मोहम्मद दानिश वरच्या सप्तकात जोरकस. निहाल तौरो हळुवार, षण्मुखप्रिया यॉडलिंग (आवाज झटक्यात खालून वर, वरून खाली पलटवत गाणं) करणारी. कुणाचाही आवाज दुसऱ्यासारखा नव्हता. आता स्वतःबद्दल असंच एक वाक्य लिहा. ते लिहिता येत नसेल, तर ऑडिशन थोडी पुढे ढकला आणि आपल्या गुरूंशी बोला. आणखी एक गोष्ट वहीत टिपून ठेवा: पवनदीप आधीच ‘द व्हॉइस इंडिया’ जिंकून आला होता. पडद्यावर जी सहजता दिसते, तिच्यामागे बहुतेक वेळा मंचावरची कित्येक वर्षं असतात.

आता पट्टी. सिनेमातलं गाणं ज्या पट्टीत मुद्रित झालेलं असतं, ती त्या गायक-गायिकेच्या गळ्यासाठी ठरवलेली असते, तुमच्या नाही. मुलींना बहुधा काळी चारच्या (पेटीवर एका सप्तकातल्या चौथ्या काळ्या सुराच्या) आसपास आणि मुलांना काळी एक ते काळी दोनपर्यंत सोयीचं पडतं, पण हा फक्त अंदाज आहे. पेटी घेऊन बसा. गाण्याचा जो भाग म्हणणार आहात, त्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधा. वरचा सूर सकाळी, गळा तापायच्या आधी स्वच्छ लागतो का ते तपासा. संध्याकाळच्या रियाजात लागतो तो सूर ऑडिशनच्या दिवशी लागेलच असं नाही, कारण त्या दिवशी झोप अपुरी असते आणि घसा कोरडा पडलेला असतो. सकाळी ओढून लावावा लागत असेल, तर गाणं अर्धा सूर खाली आणा. खाली आणल्यावर मंद्रातले, म्हणजे खालच्या सप्तकातले शब्द ऐकूच येत नसतील, तर ते गाणं सोडून द्या. मनात कितीही भरलेलं असलं तरी सोडा. हट्टानं धरून ठेवलेल्या गाण्यावर किती मुलांचे महिने वाया जाताना मी पाहिलेत, त्याचं फार वाईट वाटतं.

पट्टी ठरली की ती गळ्यात बसवायची, कारण सुरुवातीच्या फेऱ्यांत पेटी, तबला, ट्रॅक काही नसतं. रोज हा सराव करा: पेटीवर सा वाजवा, पेटी बंद करा, दोन मिनिटं घरात कुणाशीही बोला आणि मग गाणं सुरू करा. पहिली ओळ संपली की पेटीवर पडताळून बघा. सुरुवातीला सूर वर चढलेला सापडेल, कारण घाई झाली की बहुतेक मुलं चढ्या पट्टीत उचलतात. काही आठवड्यांत फरक कमी होतो. ऑडिशनच्या खोलीत जाण्याआधी इअरफोनवर तानपुऱ्याचा सा ऐकायला हरकत नाही, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

गाणी तीन तयार ठेवा, तिन्ही वेगळ्या स्वभावाची. एक संथ, जिथे ठहराव आणि श्वास दिसेल. एक लयीचं. आणि एक तुमच्या मातीतलं किंवा तुमच्या तालमीतलं. लावणी, नाट्यपद, लोकगीत, गझल, जे खरोखर येत असेल ते. गाणं मुखड्यापासूनच (ध्रुवपदापासूनच) सुरू केलं पाहिजे असा नियम नाही. अंतऱ्यात (कडव्यात) आवाज खुलत असेल तर अंतऱ्यापासून सुरू करा आणि मुखड्यावर येऊन थांबा. मूळ गाण्यातल्या हरकती (सुरांच्या छोट्या नक्षीच्या जागा) जशाच्या तशा उचलू नका. दोन कमी घ्या, पण स्वतःच्या घ्या आणि सुरात घ्या. थांबवलं तर लगेच थांबा. “दुसरं काही?” असं विचारलं की न घुटमळता दुसरं सुरू करा.

मराठी मुलांसाठी उच्चारांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे आपली मुलं हकनाक मागे पडतात. हिंदीतले ‘है’, ‘मैं’, ‘और’ आपण ‘हइ’, ‘मइं’, ‘अउर’ असे म्हणतो. बोलताना ते खपून जातं. पण ‘मैं’वर चार मात्रा थांबायचं असलं की आपली मुलं शेवटी ‘इ’वर जाऊन बसतात आणि सूर पातळ होतो. हिंदीत तो एकच उघडा स्वर आहे. तोंड आहे तसंच ठेवून तो शेवटपर्यंत धरायचा. दुसरं नुक्त्याचं, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाचं. ‘ज़िंदगी’तला ज़ आपल्या ‘जीव’मधलाही नाही आणि ‘जाड’मधलाही नाही. जीभ दातांमागे टेकू न देता नुसती हवा सोडा. ‘ख़’ आणि ‘ग़’ घशातून येतात. ‘फ’ आणि ‘फ़’ यांत गोंधळ करू नका, नाहीतर ‘फिर’चं ‘फ़िर’ होतं. गाण्याचे शब्द देवनागरीत नुक्त्यासह वहीत लिहा आणि आधी चालीशिवाय, गद्यात, मोठ्यानं वाचा. अर्थ ठाऊक नसलेला एकही शब्द गाऊ नका.

12 व्या पर्वाच्या ऑडिशन कोविडमुळे ऑनलाइन झाल्या, तेव्हापासून घरून व्हिडिओ पाठवण्याचं महत्त्व सगळ्यांना कळलं आहे. व्हिडिओ करताना पडदे, गाद्या, कपडे असलेली खोली निवडा म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा बंद. फोन टेकवून ठेवा, हातात नको. चेहरा नीट दिसला पाहिजे. एको, ऑटोट्यून, जोडकाम काही नको. एका दमात गायलेलंच पाठवा.

प्रत्यक्ष ऑडिशन असेल तर पहाटे घरी खर्ज (खालच्या सुरांचा रियाज) आणि गुणगुणणं एवढंच करा. रांगेत सगळे गात असतात म्हणून तुम्हीही गात राहिलात, तर नंबर येईपर्यंत आवाज बसतो. पाणी, घरचा डबा, ओळखपत्र, त्याची प्रत आणि फोटो जवळ ठेवा. पहिल्याच खोलीत टीव्हीवरचे परीक्षक भेटतील अशी अपेक्षा धरू नका. आधी संगीताच्या आणि निर्मितीच्या माणसांसमोर फेऱ्या होतात. वयाची अट आणि नियम त्या पर्वाच्या अधिकृत घोषणेतच वाचा. निवडीसाठी कुणी पैसे मागितले तर तो फसवतोय असं समजून उठा.

निवड झाली की कस वेगळ्याच गोष्टींचा लागतो. दर आठवड्याला नवी गाणी, वाद्यवृंदासोबत तालीम, रात्री उशिरापर्यंत चित्रीकरण. त्यामुळे आत्तापासूनच दोन दिवसांत नवीन गाणं शब्दांसह पाठ करायची सवय लावा. नुसत्या तबल्याबरोबर गा, म्हणजे ट्रॅकचा आधार सुटतो आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणं अंगात मुरतं. घरापासून दूर राहायची मनाची तयारी हवी. एप्रिल 2021 मध्ये महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं, तेव्हा 12 वं पर्व थेट दमणला हललं होतं.

करारपत्र सही करण्याआधी वकिलाला दाखवा. कार्यक्रम संपल्यावर किती काळ तुम्ही बांधलेले राहता, बाहेरच्या कार्यक्रमांच्या मानधनातला वाटा कुणाला जातो, दुसऱ्या वाहिनीवर गाता येतं का, हे तीन मुद्दे नक्की विचारा. गर्दीत उभ्या उभ्या सही करू नका. एक रात्र मागून घ्या.

लहान मुलांच्या स्पर्धेला पाठवत असाल तर 2017 चे बालकामगार नियम पालकांना माहीत असलेच पाहिजेत. चौदा वर्षांखालच्या मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम करून घेता येत नाही. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त कामही चालत नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, शाळा बुडणार नाही याची सोय करावी लागते आणि जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. मुलाच्या कमाईतला किमान 20 टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावानं मुदत ठेवीत जायला हवा. परवानगीची प्रत पहिल्याच दिवशी मागा आणि मानधन मिळालं की ठेवीच्या पावतीची प्रत घेऊन मुलाच्या फाइलमध्ये लावा.