मागाच्या वाटेने ग्वाटेमाला

मध्य अमेरिकेतला ग्वाटेमाला समजून घ्यायचा असेल तर टिकाल या प्राचीन माया शहराच्या पिरॅमिडांपासून सुरुवात करू नका, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तिथून सुरुवात केली की माया लोक म्हणजे हजार वर्षांपूर्वी जंगलात लुप्त झालेले कुणीतरी, असं मनात बसतं आणि मग ते काही निघत नाही. माया लोक आज तिथेच राहतात, २२ माया भाषा बोलतात, बाजारात भाजी विकतात, खटले लढतात, सिनेमात कामं करतात. सुरुवात त्यांच्या कापडापासून करा. मी येवल्याची, घरात पैठणीचा माग, म्हणून मला ही वाट सापडली. पण ज्यांनी धोटा कधी हातात धरला नाही त्यांनाही ती जमेल.

कमरेच्या मागावर विणणाऱ्या बाईचा एखादा सलग, न कापलेला व्हिडिओ शोधा. स्पॅनिशमध्ये या मागाला ‘तेलार दे सिन्तुरा’ म्हणतात. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधलेलं, दुसरं तिच्या कमरेच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा ताठ, पुढे झुकली की सैल. आमचा ताण मागाचं लाकूड धरतं, तिथे तो बाईच्या अंगातून येतो. नक्षीकडेही लक्ष द्या. पैठणीच्या बुट्टीत तिल्लीचा, म्हणजे छोट्या कांडीवरचा, रंगीत धागा हाच बाणा (आडवा धागा) असतो. तिथल्या हुइपिलमध्ये, म्हणजे बायकांच्या अंगरख्यात, नक्षीचा धागा बहुधा मूळ बाण्याखेरीज वरून जादा घातलेला असतो. मग चिचिकास्तेनांगो, नेबाख, सांतियागो आतित्लान अशी तीन गावं निवडा आणि त्यांची हुइपिलं नजरेने ओळखायला शिका. आतित्लानचं लगेच कळतं, गळ्याभोवती भरतकामाचे पक्षी असतात. बाई कुठल्या गावची हे तिच्या अंगावरच्या कापडावरून सांगता येत असे. राजधानीतल्या इश्चेल संग्रहालयात हा सगळा ठेवा आहे. २०१६ साली माया विणकर बायका आपल्या नक्षीवर गावाचा सामूहिक हक्क मागायला थेट घटना न्यायालयात गेल्या, तेही जरूर वाचा. यंत्रावरच्या नकली पैठणीने पोटाला बसलेला चिमटा ज्यांना माहीत आहे, त्यांना ती मागणी समजावून सांगावी लागत नाही.

नजर तयार झाली की ग्वाटेमालाचे दिग्दर्शक हायरो बुस्तामान्ते यांचा ‘इश्कानुल’ (२०१५) हा सिनेमा बघा. ज्वालामुखीच्या पायथ्याशी कॉफीच्या मळ्यात राबणाऱ्या कुटुंबातली मारिया, आणि जवळजवळ सगळा सिनेमा काक्चिकेल या माया भाषेत. बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. कथा सांगत नाही; फक्त रुग्णालयातल्या प्रसंगात डॉक्टरचं बोलणं आईबापापर्यंत कोण पोचवतो आणि काय पोचवतो, ते नीट ऐका. एखाद्या भाषेचा माणूस आपल्याच देशाच्या कचेरीत किती एकटा पडतो, हे इतकं स्पष्ट मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

त्यानंतर ‘पोपोल वुह’. किचे या माया लोकांचा हा सृष्टीच्या उत्पत्तीचा ग्रंथ. १७०१च्या सुमारास फ्रान्सिस्को हिमेनेस या पाद्र्याने चिचिकास्तेनांगोत त्याची नक्कल केली, एका बाजूला किचे, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. ती प्रत आता शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. अ‍ॅलन क्रिस्टेनसन यांचं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर मोफत मिळतं. ते मोठ्याने वाचा, दुहेरी ओळींची लय कानालाच कळते. देव आधी मातीची माणसं करतात, ती विरघळतात. मग लाकडाची करतात, त्यांना काळीजच नसतं. शेवटी त्यांचीच मडकी, दळायचे दगड आणि कुत्री त्यांच्यावर उलटतात. आम्हाला रोज भाजलंत, रोज रगडलंत, असा जाब भांडी विचारतात. तिथे थांबून तो भाग पुन्हा वाचा. त्यानंतर मक्यापासून खरी माणसं घडतात.

पुढचा टप्पा जड आहे, पण टाळू नका. १९५४ मध्ये निवडून आलेलं सरकार अमेरिकेच्या पाठबळाने उलथवलं गेलं, आणि १९६० ते १९९६ या यादवीत सुमारे दोन लाख माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली. सत्यशोधन आयोगाने ओळख पटवलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. १० मे २०१३ रोजी माजी लष्करशहा रिओस मोंत यांना वंशसंहारासाठी शिक्षा झाली आणि दहा दिवसांत ती रद्दही झाली. एवढं माहीत करून घेऊन मगच बुस्तामान्ते यांचा ‘ला योरोना’ (२०१९) लावा, नाहीतर तो नुसता भुताचा सिनेमा वाटेल. १९९२च्या शांतता नोबेलच्या मानकरी रिगोबेर्ता मेंचू त्यात क्षणभर दिसतात; त्यांचं आत्मकथन सोबत ठेवा.

कादंबऱ्यांसाठी मिगेल आंखेल आस्तुरियास, १९६७चं नोबेल. पण त्यांच्या शेजारी मोमोस्तेनांगोचे किचे कवी उम्बेर्तो आकाबाल वाचाच. आस्तुरियास यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार आकाबाल यांनी २००४ मध्ये नाकारला, कारण आस्तुरियास यांनी तरुणपणीच्या प्रबंधात आदिवासींबद्दल फार वाईट लिहिलं होतं. मी दोघांनाही सोडत नाही, पण आधी आकाबाल.

जेवणात पेपियान करून बघा: भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, तीळ, टोमॅटो, सुक्या मिरच्या, सगळं वाटून कोंबडीत. वेलदोडा मात्र घालू नका. जगात सर्वाधिक वेलदोडा निर्यात करणाऱ्या देशांत ग्वाटेमाला अग्रभागी आहे, पण तिथल्या स्वयंपाकघरात तो फारसा जात नाही. मुख्यतः आखाती देशांत जातो.

आणि १ नोव्हेंबर राखून ठेवा. त्या दिवशी सुंपांगो आणि सांतियागो साकातेपेकेस इथे मेलेल्यांसाठी पतंग चढवतात. घरोघरी फियाम्ब्रे नावाचं थंड, कितीतरी जिन्नसांचं जेवण असतं. येवल्याची संक्रांत पाहिलेल्यांनाही हे पतंग नवे वाटतील. बांबूच्या सांगाड्यावर पातळ रंगीत कागद, महिनोन्महिने गटाने चिकटवलेला. सगळ्यात मोठे तर तीनचार मजली घराएवढे, उडवायचे नाहीतच, नुसते उभे करायचे. लहान असतात ते आकाशात जातात. कागदावर बायकांचे हक्क, जंगलतोड, युद्धात गेलेली माणसं, सगळं चितारलेलं असतं. थेट प्रक्षेपण मिळालं तर वेळेचा हिशोब आधीच करा: तिथले सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेनऊ.