लहान मुलांना बेस चोरू द्यायचा का? आधी कॅचरकडे बघा

सीझन सुरू व्हायच्या आधी आमच्या बेसबॉलच्या नऊ-दहा वर्षांच्या गटात पालकांची हमखास जुंपते: बेस चोरायची, म्हणजे बॅटरने बॉल मारला नसतानाच पुढच्या बेसवर पळायची मुभा द्यायची की नाही? ज्यांचं पोर पळण्यात तरबेज, ते ‘द्या’ म्हणतात. मी मात्र पळणाऱ्याकडे बघतच नाही, कॅचरकडे, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणाऱ्याकडे बघते.

कोच म्हणून पहिल्या वर्षी मी चोरी सरसकट खुली ठेवली होती. आमच्या कॅचरचा मास्क सारखा नाकावर घसरायचा, एक पॅड फिरून पोटरीवर गेलेलं. बॉल त्याच्या पायांतून थेट मागच्या जाळीला. तो उचलून वळेपर्यंत रनर दुसऱ्या बेसवर. पुढच्या बॉलला तिसऱ्यावर, मग होम, म्हणजे बॅटरपाशी परत येऊन रन. बॅटरने बॅट हलवलीसुद्धा नव्हती! एकाच इनिंगमध्ये हे चारदा झालं. शेवटी पोराने ग्लव्ह माझ्या हातात ठेवला आणि बाकावर जाऊन बसला.

तेव्हापासून आधी चाचणी घेते. बेसमधलं अंतर ६० फूट असलं, की होम प्लेटपासून दुसरा बेस तिरका जवळपास ८५ फूट पडतो. चोरणाऱ्याला आऊट करायला कॅचरने बॉल तिथे फेकायचा; दहा वर्षांच्या खांद्याला हे फार होतं. गटातल्या प्रत्येक टीमच्या कॅचरला दहा थ्रो करायला लावा. टप्पा पडून गेला तरी चालेल, पण निम्मे तरी बेसवरच्या पोराला जागचं न हलता पकडता यायला हवेत. बहुतेकांना जमलं तर चोरी सुरू करा, नाहीतर सीझनच्या उत्तरार्धात पुन्हा बघा. टी-बॉल (स्टँडवर ठेवलेला बॉल मारायचा) आणि कोच बॉल टाकतो तो गट, तिथे हा प्रश्नच येत नाही.

सुरू करताना लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेचा ६० फुटी मैदानाचा नियम घ्या: बॉल बॅटरपर्यंत पोचेस्तोवर रनरने बेस सोडायचा नाही. क्रिकेटमध्ये बोलरच्या हातून बॉल सुटायच्या आधीच क्रीज सोडणारा नॉन-स्ट्रायकर आठवा, म्हणजे मुलांना समजावणं सोपं जातं. आधीच चार पावलं पुढे सरकून उभं राहणं ७० फुटी मैदानापासून. स्लाइड, म्हणजे घसरत बेस गाठणं, पाय पुढे करून. डोकं पुढे फक्त बेसवर परतताना.

त्यावर आमचे दोन घरचे नियम. होम चोरायचं नाही. आणि कॅचरचा थ्रो भरकटला तरी रनरला पुढचा बेस नाही. हा दुसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो नसला की कोचच कॅचरला दटावतात, ‘बॉल हातातच ठेव, फेकू नकोस.’ मग तो शिकणार कधी?

चोरी कायमची बंद ठेवणंही मला पटत नाही. आमच्या एका मुलीच्या बॅटला बॉल क्वचितच लागतो. पण बॉल टाकणाऱ्या पिचरच्या चार चुकीच्या बॉलमुळे फुकटचा पहिला बेस मिळाला, की ती टाच बेसला टेकवून गुडघे वाकवते आणि पिचरच्या हातावरची नजर काढत नाही. एरवी तीच मैदानात गवत उपटत बसलेली असते.

हे सगळं मॅचआधी होम प्लेटपाशी समोरच्या कोचशी आणि अंपायरशी बोलून घ्या. पहिली चोरी झाल्यावर कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नसतं, पालक तर नाहीच.