मिश्रण वेगळं करायचा धडा घरी कसा शिकवायचा (आणि ऊर्ध्वपातनात कसं फसायचं नाही)

इंदूरला आपल्या मराठी घरांत पोरांचं विज्ञान दोन भाषांत चालतं, शाळेत हिंदी नाहीतर इंग्लिश आणि घरी आई शिकवणार मराठीतून, त्यामुळे पदार्थाच्या अवस्था, मिश्रण, पृथक्करण वगैरे धडा आला की घोळ ठरलेला. मी शिकले नाशिकला, मराठी मीडियम, लग्न होऊन आले रामबागेत, आणि पोरगा हिंदी मीडियमला. नववीत त्याला मी छाती ठोकून सांगितलं की ऊर्ध्वपातन म्हणजे पाणी उकळायचं, वाफ थंड करायची आणि शुद्ध पाणी गोळा करायचं. त्याने पेपरात तेच लिहिलं, आकृतीसकट, आणि मिळाला भोपळा! कारण हिंदीत ऊर्ध्वपातन म्हणजे कापूर उडून जातो ते, ज्याला आपण संप्लवन म्हणतो, आणि आपल्या ऊर्ध्वपातनाला ते म्हणतात आसवन. शब्द तोच, अर्थ दुसराच. चूक माझी, मार्क गेले त्याचे, आणि तो अजून ऐकवतो.

म्हणून पहिलं काम, वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने पाडा, डावीकडे आपला शब्द, उजवीकडे शाळेतला. स्थायू म्हणजे ठोस, द्रावण म्हणजे विलयन, द्राव्य म्हणजे विलेय, द्रावक म्हणजे विलायक, द्रवणांक म्हणजे गलनांक, उत्कलनांक म्हणजे क्वथनांक. गाळणं म्हणजे छानना, आणि यावरून "आई यात छान काय आहे" हा विनोद प्रत्येक घरात एकदा होतोच, होऊ द्या. पेपरात उजवीकडचा शब्द लिहायचा, डोक्यात कुठला का असेना.

आता मुख्य गोष्ट. पोरं पद्धतींची यादी पाठ करतात, चाळणे गाळणे निवळणे, आणि प्रश्न जरा फिरवून आला की गप्प बसतात. यादी बाजूला ठेवा आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारा, या दोघांत फरक कशात आहे? आकारात असेल तर चाळणी. वजनात असेल तर सूप, एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरताना पोराला शेजारी बसवा आणि पाखडून दाखवा, कोंडा पुढे उडतो, दाणा मागे राहतो, खडे मात्र सुपातच राहतात, ते हाताने निवडायचे. एक पाण्यात विरघळतो आणि दुसरा नाही, तर पाणी घालून गाळा. एकाला चुंबक लागतो, एक लवकर उकळतो, असं करत गेलं की पद्धत पोरगं स्वतः सांगतं.

घनतेच्या फरकाला सराफ्याचं उदाहरण द्या, रात्री आपण भुट्ट्याचा कीस खायला जातो तोच सराफा, पण दिवसा तिथे सोनं चालतं ना. सोनारांच्या दुकानासमोरची धूळ झाडून नेणारे झारेकरी असतात, इकडे न्यारिया म्हणतात, ते ती माती पसरट घमेल्यात पाण्याबरोबर गोल गोल फिरवतात. वाळूची घनता साधारण 2.65 आणि सोन्याची 19.3, म्हणजे सात पटीहून जास्त, त्यामुळे माती पाण्याबरोबर वाहून जाते आणि सोन्याचा कण तळाशी राहतो. आमच्या पोराला हे इतकं आवडलं की दोन दिवस तो अंगणातली माती धूत होता, निघालं काही नाही, पण बेसिन तुंबलं.

आता खरा प्रयोग, चार वस्तूंचा: मीठ, रेती, लोखंडाचा चुरा आणि कापूर. चुरा ग्रिलवाल्याच्या दुकानात कटरखाली पडलेला असतो, मागितला तर देतात. नाही मिळाला तर बांधकामाच्या रेतीत चुंबक फिरवा, काळे बारीक कण चिकटतात, तेही चालतील. मीठ दोन छोटे चमचे, रेती तेवढीच, चुरा अर्धा चमचा, कापराच्या तीन-चार वड्या चुरून, सगळं एका वाटीत कालवा आणि पोराला म्हणा, कर वेगळं. लगेच सांगू नका. दहा मिनिटं त्याला वाटीकडे बघत बसू द्या.

पहिलं चुंबक, आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच फिरवायचा, नाहीतर चुरा चुंबकाला असा चिकटतो की आठवडाभर खरवडत बसाल. पिशवी उलटी केली की चुरा खाली पडतो. पाण्याआधी चुंबक का, तर लोखंड भिजलं की गंजतं आणि रेतीलाही तांबूस करतं.

मग कापूर. इथे जरा जपून, कापराची वाफ पेट घेते, त्यामुळे वाटी थेट गॅसवर ठेवायची नाही, अजिबात नाही. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, त्या पातेल्यावर स्टीलची वाटी बसवा, आणि वाटीवर ताटली ठेवून तिच्यात बर्फाचे दोन-तीन खडे. पाच-सात मिनिटांनी ताटली उचलून उलटी करून बघा, खालच्या बाजूला पांढरा भुरा, दिवाळीतल्या रांगोळीसारखा, बोट लावलं की कापराचा वास. मधे पाणी कुठे झालं? झालंच नाही, स्थायूचा सरळ वायू आणि वायूचा परत स्थायू. देवघरातल्या डबीत कापूर आपोआप कमी होतो तो याच कारणाने, आमच्या सासूबाई बरेच दिवस कामवाल्या बाईवर संशय घेत होत्या. वास जाईपर्यंत दोनदा गरम पाणी बदलावं लागतं, घाई करू नका.

आमच्या पोराने हा टप्पा गाळून सरळ पाणी ओतलं, तर कापूर वर तरंगायला लागला, आणि त्याने चमच्याने काढून घेतला. मी ओरडणार होते, पण म्हटलं बरोबरच आहे की, कापूर पाण्यात फारसा विरघळत नाही, त्याने फरक ओळखला ना! पेपरात मात्र पुस्तकातलंच लिही म्हटलं.

उरलं मीठ आणि रेती. अर्धी वाटी पाणी बास. 100 मिली पाण्यात साधारण 36 ग्रॅम मीठ विरघळतं, तेव्हा बादलीभर ओतून मग गॅस जाळत बसायची गरज नाही. ढवळा, नरसाळ्यात कापूस बसवून गाळा, रेती वर राहील, तिच्यावरून दोन चमचे पाणी अजून सोडा म्हणजे चिकटलेलं मीठही खाली येतं. खालचं पाणी छोट्या कढईत आटवा. शेवटी शेवटी ते तडतड उडतं आणि डोळ्यात जाऊ शकतं, म्हणून थोडं ओलसर असतानाच गॅस बंद करा, कढईच्या उष्णतेनेच बाकीचं सुकतं.

आता ते कुप्रसिद्ध ऊर्ध्वपातन, म्हणजे इकडचं आसवन. मीठ आटवलं तेव्हा पाणी हवेत गेलं, पण पाणीच हवं असेल तर? मोठ्या पातेल्यात डब्यातल्या मिठाचं खारं पाणी घ्या, मधे एक जड वाटी ठेवा, पातेल्याचं झाकण उलटं घाला म्हणजे मूठ खाली येईल, बरोबर वाटीवर, आणि झाकणावर बर्फ. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. वाफ झाकणाला लागून पाणी होते, उतारावरून मुठीपर्यंत येते आणि वाटीत थेंब थेंब पडते. पोराला चाखायला लावा, खारट नाही. झाबुआ-आलीराजपूरकडे महुआची दारू याच तत्त्वावर निघते, अल्कोहोल 78 अंशालाच उकळतं म्हणून ते आधी वर येतं. हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी सांगितलं, आणि धडा डोक्यात बसला तो तिथेच.

थर्मामीटर घेतलात तर लॅबचा 110 अंशांवाला घ्या, तापाचा नको, तो 42 पर्यंतच असतो, उकळत्या पाण्यात घातला तर फुटतो. बर्फ वितळताना बघा, सगळा वितळेपर्यंत पारा शून्यावरच अडून बसतो, गॅस चालू असला तरी, नीट ढवळत राहायचं फक्त. सगळी उष्णता बर्फाचं पाणी करण्यातच खर्ची पडते, तीच गुप्त ऊष्मा. आणि उकळताना आपल्याकडे 100 नाही, 98 च्या आसपास दिसेल. थर्मामीटर खराब नाही, इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. पेपरात 100 लिहायचं.

गढूळ पाण्याला तुरटी फिरवायचा प्रयोग पावसाळ्यात करा, एका ग्लासात तुरटी, एका ग्लासात काही नाही, अर्ध्या तासात फरक कळतो. आपल्या नळाला नर्मदेचं पाणी येतं ना, जलूदहून सत्तरेक किलोमीटर घाट चढून, त्यालाही आधी हेच करतात, तुरटी, मग निवळणं, मग वाळूतून गाळणं, मग क्लोरीन. सेंट्रिफ्यूजला, म्हणजे जोरात फिरवून वेगळं करायच्या यंत्राला, ताक घुसळून दाखवलं की झालं, त्यावर फार वेळ घालवू नका.

क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे शाईतले रंग वेगळे करायला, काळा स्केचपेन आणि खडू पुरे. खडूच्या टोकापासून दोन सेंटीमीटरवर ठिपका, बशीत पाणी ठिपक्याच्या खाली, खडू उभा. ठिपका पाण्यात बुडाला तर रंग बशीत जातो आणि खडूवर काहीच चढत नाही, आमचे पहिले दोन खडू असेच गेले. नीट ठेवलात तर काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळा निघतो. बॉलपेनची शाई पाण्याने हलत नाही, तिथे सॅनिटायझर वापरा.

एक राहिलंच. वेगळं केलेलं ते मीठ दिसतं पांढरंशुभ्र, पण डब्यात परत टाकू नका, कापूर पोटात जाणं बरं नाही आणि वास सहजी जात नाही. आमच्याकडे सासूबाईंनी काटकसर म्हणून ते वरणात घातलं, आणि त्या दिवशी सगळे पोहे खाऊन झोपले.