जीपच्या ४.० लिटर इंजिनाचा ४.६ स्ट्रोकर कसा बांधावा

स्ट्रोकर म्हणजे ब्लॉक तोच, क्रँक जास्त स्ट्रोकचा. क्रँक हा पिस्टनची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा, आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टन वर-खाली जेवढा सरकतो ते अंतर. चेरोकी, रँग्लर अशा जीपच्या ४.० लिटर सहा-सिलिंडरवर (१९८७ ते २००६) हे काम स्वस्तात होतं, कारण लागणारा क्रँक त्याच घराण्यात तयार आहे. आधी जीप बनवणाऱ्या एएमसी कंपनीचं २५८ क्युबिक इंचाचं, म्हणजे ४.२ लिटरचं इंजिन सीजे जीपला आणि पुढे १९९० पर्यंत रँग्लरला बसत होतं. त्याच्या क्रँकचे मेन (ब्लॉकमध्ये फिरणारे भाग) आणि पिन (पिस्टनला जोडणारे रॉड बसतात ते) ४.० च्याच मापाचे. इथे ओहायोत भंगारवाल्यांकडे तो अजून सापडतो.

आधी हिशेब. मी थाऊमध्ये बोलतो, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेच माप शिकलो, इथल्या मशीन शॉपातही हेच चालतं. ४.० चा स्ट्रोक ३.४१४ इंच, २५८ चा ३.८९५. फरकाचा निम्मा, म्हणजे सुमारे २४० थाऊ, पिस्टन वर चढणार. पण २५८ चा रॉड ५.८७५ इंचाचा, ४.० च्या ६.१२५ पेक्षा २५० थाऊ आखूड. म्हणजे २५८ चा क्रँक आणि त्याचाच रॉड घातला, तर ४.० चा पिस्टन पूर्वीपेक्षा साडेनऊ थाऊच खाली थांबतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ३० थाऊ वाढवून ३.९०५ केला की ४.६ लिटर भरतं.

एवढं ऐकून लोक सामान आणतात आणि जोडायला बसतात. खरी मेख पुढे आहे.

कारखान्यातूनच या इंजिनात पिस्टन ब्लॉकच्या माथ्यापासून वीस-तीस थाऊ खाली असतो. त्यात आपले साडेनऊ, वर दाबलेल्या गॅस्केटचे चाळीस-पन्नास. पिस्टनची सपाट कड आणि हेड यांच्यात ऐंशीच्या आसपास अंतर राहतं. ते पन्नासच्या आसपास हवं, तरच शेवटच्या क्षणी हवा-पेट्रोलचं मिश्रण मध्यभागी ढकललं जाऊन नीट जळतं. अंतर जास्त राहिलं की चढावर इंजिन ठोकतं. मग ब्लॉकचा माथा वीसेक थाऊ घासून घ्यावा, तर कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, वाढतं. मूळ ८.८ चं नुसत्या स्ट्रोकनेच साडेनऊच्या पुढे गेलेलं असतं. घासल्यावर ते दहा ओलांडतं, आणि पंपावरच्या साध्या ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर ते चालणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे: अंतर कमीच करा आणि कॉम्प्रेशन पिस्टनच्या वाटीतून उतरवा. पिस्टनच्या डोक्यावरची वाटी मोठी करून घ्या, सहाही अगदी सारख्या. साडेनऊच्या खाली यायला प्रत्येकी सातआठ सीसी लागतात. ब्यूरेटने रॉकेल भरून आपल्या हेडचा चेंबर मोजा, तेव्हाच खरा आकडा कळेल. वाटी खोल करण्याआधी पिस्टनच्या डोक्याची जाडी पाहा; पातळ असेल तर मोठ्या वाटीचे फोर्ज्ड पिस्टन मागवा. खर्च तिथे करा, चकचकीत व्हॉल्व्ह कव्हरवर नको.

क्रँक विकत घेताना दोन गोष्टी. जुन्या क्रँकला बारा काउंटरवेट (तोल साधणारी वजनं), नंतरच्याला चार. दोन्ही चालतात, चारवाला हलका. जुन्यांपैकी काहींचं पुढचं नाक लांब असतं, ते कापून घ्यावं लागतं. घासायला देण्याआधी मॅग्नाफ्लक्स (चुंबक आणि लोखंडी भुकटीने होणारी तपासणी) करून तडा तपासा. हेडसुद्धा. ०३३१ क्रमांकाचं हेड तीन आणि चार नंबरच्या सिलिंडरांच्या मधल्या जागी तडकण्यासाठी बदनाम आहे, फुकट मिळालं तरी नको. फ्लायव्हील मात्र ४.० चंच ठेवा, कारण कॉम्प्युटरच्या सेन्सरला लागणाऱ्या खाचा त्याच्यावर असतात.

भरताना मेन ८० फूट-पौंड, रॉड ३३. बेअरिंगचं अंतर प्लास्टिगेजने (दाबल्यावर पसरणाऱ्या मोजणीच्या धाग्याने) पाहा, दीड ते अडीच थाऊ. रिंगांची फट अठराच्या आसपास. हेडचे बोल्ट ११०, फक्त अकरा नंबरचा १००. हेड बसवण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. रॉडचा बोल्ट किंवा काउंटरवेट कुठे अडत असेल तर तिथेच कळतं. व्हॉल्व्ह उघडायला कॅमची ढकल लिफ्टर, पुशरॉड आणि रॉकरमधून जाते; माथा घासला असेल तर पुशरॉडची लांबी पुन्हा मोजावीच लागते. या रॉकरना ॲडजस्टमेंट नाही. लिफ्टर जास्त दाबले गेले तर व्हॉल्व्ह उघडे राहतात.

इंधनाचं थोडक्यात: मूळ इंजेक्टर फुल थ्रॉटलला कमी पडतात, २४ पौंडी (ताशी २४ पौंड इंधन सोडणारे) घाला. कॉम्प्युटर मॅनिफोल्डचा दाब मोजतो, त्यामुळे साध्या चालवण्यात तो जुळवून घेतो. फुल थ्रॉटलला त्याच्या भरवशावर राहू नका, मिश्रण वाइडबँड मीटरवर (धुरातला ऑक्सिजन मोजून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणाऱ्या) पाहा.

कॅम नवा असेल तर पहिलं स्टार्ट गंभीरपणे घ्या. लिफ्टर सपाट तळाचे आहेत, त्यांना झिंक असलेलं ऑइल लागतं. इंजिन सुरू झालं की आयडलला सोडू नका, वीस मिनिटं दोन हजार आरपीएमच्या वर, थोडं खालीवर करत चालवा. रेडिएटर आधी भरून ठेवा, मदतीला एक माणूस गेजवर बसवा. मग ऑइल आणि फिल्टर काढा, फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. चुंबकाला चिकटणारी चमक दिसली तर कॅम खातोय. तसंच चालवत राहू नका. कॅम आणि लिफ्टर काढून बघा.