पिण्याच्या पाण्यासाठी प्लॅस्टिक घेताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात मामांनी गावाकडे दोन निळे ड्रम आणले, दोनशे लिटरचे, चांगले जाड, टँकर आठवड्यातून दोनदाच येतो म्हणून पाणी साठवायला. भंगारवाला बोलला फूड ग्रेड आहे, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंना चालणारं. मी बघितलं तर अर्धवट खरवडलेल्या लेबलवर हातावर थेंब पडतोय असं चित्र होतं, म्हणजे आत आधी ॲसिड नाहीतर तसलंच काहीतरी चामडी जाळणारं भरलेलं. मामी म्हणाली, "अरे तीनदा साबणाने घासलाय की." मग आम्ही त्यातला एक ड्रम झाकण लावून दिवसभर उन्हात ठेवला आणि संध्याकाळी उघडला, तर असा उग्र वास आला की मामीच दोन पावलं मागे सरकली.

मी मोल्डिंगच्या, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून साच्यात वस्तू बनवायच्या कंपनीत क्वालिटीला आहे, दाणे ओतण्यापासून पॅकिंगपर्यंत रोज प्लॅस्टिकच बघतो, त्यामुळे हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. एचडीपीई, म्हणजे हे ड्रम ज्याचे असतात ते जाड पॉलिथिन, वरून कितीही गुळगुळीत दिसलं तरी त्यात केमिकल मुरतं, कैरीत मीठ मुरतं ना तसं, आणि नंतर हळूहळू पाण्यात उतरत राहतं. घासून फक्त वरचं निघतं. जुना ड्रम घ्यायचाच असेल तर आधी आत काय होतं ते मूळ लेबलवर दिसलं पाहिजे, खाण्याची वस्तू असेल तरच घ्या. लेबल नसेल तर नकोच, जनावरांच्या पाण्यालाही नको. मामांचे ड्रम शेवटी बांधकामाला गेले.

दुसरी चूक म्हणजे वस्तूच्या तळाशी असलेला त्रिकोणातला नंबर बघून निश्चिंत होणं. "खाली २ लिहिलंय, म्हणजे सेफ" असं बरेच जण सांगतात. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी (पॉलिप्रॉपिलीन), एवढंच ते सांगतं, रिसायकलला जाताना वेगळं करता यावं म्हणून. इंजिन ऑइलचा कॅनही एचडीपीईचाच असतो आणि दुधाचाही. फरक पडतो आत काय मिसळलंय याने, रंगाचं मास्टरबॅच (रंगाचे दाट दाणे) कुठलं, ॲडिटिव्ह (वरून घातलेली केमिकल) कुठले, भंगाराचा माल दळून टाकलाय का. नवा कोरा दाणा दुधट पांढरा असतो, भंगाराचा दाणा मळकट, करडा-हिरवट, आणि तो मळ लपवायला सगळ्यात सोपा रंग काळा. म्हणून स्वस्त काळी बादली, काळी रोल पाइप, काळा कॅन पिण्याच्या पाण्याला घेताना मी दहा वेळा विचार करतो. आता याचा अर्थ काळी टाकी वाईट असा नाही हं, टाकीत कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, उन्हापासून वाचवायला मुद्दाम घालतात आणि त्याने उजेड आत जात नाही म्हणून शेवाळही धरत नाही. फक्त टाकीवर आयएस १२७०१ (पाण्याच्या टाक्यांचं भारतीय मानक) चा आयएसआय मार्क आणि सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा लायसन्स नंबर बघा, तो नंबर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स खरं की खोटं लगेच कळतं.

पाइपमध्ये तर सर्रास घोळ चालतो. सांडपाण्याची एसडब्ल्यूआर पाइप (आयएस १३५९२) उरली म्हणून तीच पिण्याच्या लाइनला जोडतात, वायरिंगची पाइप जोडलेलीही मी बघितलीय. त्या पाइप पिण्याच्या पाण्यासाठी तपासलेल्याच नसतात. गार पाण्याच्या यूपीव्हीसीला (कडक पीव्हीसी) आयएस ४९८५, गरम पाणी असेल तर सीपीव्हीसी (उष्णता सोसणारं पीव्हीसी) आयएस १५७७८, जमिनीतून जाणाऱ्या एचडीपीईला आयएस ४९८४, हे आकडे पाइपवरच छापलेले असतात, प्लंबरला विचारत बसू नका, स्वतः वाचा. पीव्हीसी बनवताना उष्णतेने खराब होऊ नये म्हणून पूर्वीपासून शिशाचे स्टॅबिलायझर वापरायचे, २०२१ साली केंद्र सरकारने त्यावर वेगळे नियम काढले, म्हणून लेड-फ्री लिहिलंय का तेही बघा. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि शिशाला ना वास ना चव, त्यामुळे इथे नाकावर विसंबून चालत नाही.

गॅरेज, पेट्रोल पंप असल्या जागेजवळून पॉलिथिनची पाइप टाकू नका, मातीत सांडलेलं पेट्रोल पाइपच्या भिंतीतून आत झिरपतं, पाइप कुठेही फुटलेली नसताना.

नळातून काळे कण येत असतील तर बोटावर घेऊन चोळा. बोट काळं झालं तर बहुतेक वेळा वॉशर नाहीतर फ्लेक्सिबल पाइपच्या आतलं रबर क्लोरीनने झिजलंय. बदलताना पिण्याच्या पाण्याला चालणारं ईपीडीएम नावाचं रबर मागा, आणि फिट करताना प्लंबर गाडीचं ग्रीस लावत असेल तर तिथेच थांबवा, तेलाने ईपीडीएम फुगतं, फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीसच लागतं. टँकरमधून पाणी भरायला बागेची मऊ नळी वापरणंही बंद करा, तिला मऊ करणारं द्रव्य पाण्यात उतरतं, उन्हात पडलेली असेल तर जास्तच.

नवी लाइन टाकल्यावर सोल्यूशनचा, म्हणजे पाइप चिकटवायच्या द्रावणाचा वास येतो. प्लंबर सोल्यूशन जास्त थापतात आणि ते आत ओघळून साचतं. डब्यावर दिलेला वेळ पूर्ण सुकू द्या, मग सगळे नळ उघडून भरपूर पाणी वाहू द्या, पहिलं पाणी झाडांनाही नको.

नव्या टाकीला वास येत असेल तर काठोकाठ भरून चोवीस तास ठेवा, ओता, असं तीनदा करा. खात्री करायची असेल तर दोन काचेच्या बरण्या घ्या, दोन्हीत तेच कोमट पाणी, एकीत टाकीच्या झाकणाचा किंवा पाइपचा धुतलेला छोटा तुकडा, दोन्ही घट्ट लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी घरातल्या दुसऱ्या कोणालातरी न सांगता वास घ्यायला द्या. त्यांनी तुकड्याची बरणी लगेच ओळखली आणि दोन आठवडे पाणी बदलूनही तेच होत असेल तर टाकी परत करा, बिल आणि सीएम/एल नंबरचा फोटो सोबत घेऊन जा.