वर्गात खरंच उपयोगी पडणारी डिजिटल टूल्स, आणि ती वापरताना घ्यायची काळजी

शिक्षकांच्या ग्रुपवर सतत कुठल्या ना कुठल्या नवीन ॲपची लिंक फिरत असते, आपण उत्साहाने डाउनलोड करतो, दोन दिवस वापरतो आणि मग ते फोनमध्ये तसंच पडून राहतं. मी आता एकच बघते, हे वापरल्यावर कोणाला कळलं नाही ते मला आजच्या आज समजतंय का. समजत असेल तर ते ठेवायचं.

या हिशेबाने माझ्यासाठी सगळ्यात वर आहे प्लिकर्स. मुलांकडे फोन, टॅब काहीच लागत नाही, ॲप फक्त तुमच्या फोनमध्ये आणि मुलांच्या हातात एकेक छापलेलं कार्ड. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी नक्षी असते आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरं. मुलाला जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, की कोणी काय उत्तर दिलं ते नावासकट फोनवर दिसतं. अक्षरं इतकी लहान आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजारच्याचं बघून काही फायदा नाही.

मी अपूर्णांक शिकवत होते, "कळलं ना?" विचारल्यावर सगळा वर्ग "होऽऽ" म्हणाला. मग कार्डं वाटली आणि विचारलं, १/४ + १/४ किती? अर्ध्याहून जास्त मुलांनी २/८ वर कार्ड धरलं होतं! वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, झालं. तो "हो" खरा धरून मी पुढे गेले असते तर पुढचा सगळा धडा वाया गेला असता. म्हणून पर्याय बनवताना मुलं जी चूक हमखास करतात तीच पर्यायात टाका, उगाच कुठलेही आकडे टाकू नका. आणि कार्ड चकचकीत लॅमिनेट करू नका, उजेड चमकतो आणि स्कॅन होत नाही, जाड कागदावर छापलं तरी पुरतं. बोटं नक्षीवर येऊ देऊ नका हे पहिल्या दिवशीच सांगायचं, एवढं जमलं की बाकी मुलं आपोआप शिकतात.

मुलांच्या घरी फोन असेल तर गुगल फॉर्म्स, म्हणजे ऑनलाइन चाचणी बनवायची गुगलची सोय. सेटिंगमध्ये जाऊन क्विझ चालू करा, उत्तरं आणि मार्क भरून ठेवा, तपासणं आपोआप होतं. पण दोन-तीन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. एक म्हणजे मार्क लगेच दाखवायचे की नंतर, तिथे नंतर निवडा, नाहीतर पहिल्या मुलाने सबमिट केलं की बरोबर उत्तरं दहा मिनिटांत सगळ्यांकडे. दुसरं, लहान उत्तराचा प्रश्न जपून ठेवा, कारण फॉर्म अक्षर न् अक्षर जुळवतो, मुलाने बाष्पीभवनच्या जागी बाश्पीभवन लिहिलं की चूक, आकडा मराठीत हवा होता आणि त्याने इंग्रजीत टाकला की तेही चूक, बिचाऱ्याला येत असूनही शून्य. उत्तरसूचीत एकापेक्षा जास्त बरोबर उत्तरं टाकता येतात, ती टाका. आणि नाव टाइप करायला लावू नका, हजेरी क्रमांकाचा ड्रॉपडाउन द्या, नंतर शीटमध्ये क्रम लावताना तुम्हालाच बरं पडेल. निकालाच्या पानावर जास्त मुलांचे चुकलेले प्रश्न वेगळे दिसतात, दुसऱ्या दिवशीचा तास मी तिथूनच सुरू करते.

विज्ञान, गणितवाल्यांनी फेट (PhET) नक्की बघा, स्क्रीनवर प्रयोग करून बघायच्या सिम्युलेशन्सची ही वेबसाइट आहे. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला, वेबसाइटवरची सिम्युलेशन्स फुकट आहेत आणि बरीच मराठीतही आहेत. विद्युत परिपथाचं लावा, वायर थेट बॅटरीच्या दोन्ही टोकांना जोडा, स्क्रीनवर बॅटरीला आग लागते. शॉर्ट सर्किट म्हणजे काय हे मी इतकी वर्षं तोंडाने सांगत होते, ते मुलांना पाच सेकंदात दिसलं. फक्त तुम्ही करून दाखवू नका, आधी विचारा काय होईल, वहीत लिहायला लावा, मगच बटण दाबा. नेट बेभरवशाचं असेल तर बरीच सिम्युलेशन्स आधी डाउनलोड करून ठेवता येतात.

आता पटापट काही बारीक गोष्टी. पॉवरपॉइंट चालू असताना कीबोर्डवर बी दाबलं की स्क्रीन काळी होते, मुलांची नजर परत तुमच्याकडे, पुन्हा बी दाबलं की स्लाइड हजर. प्रोजेक्टर जोडला आणि चित्र येत नसेल तर विंडोज आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा. गुगल डॉकची वर्कशीट मुलांना द्यायची असेल तर लिंकमध्ये शेवटी येणारं एडिट (edit) आणि त्याच्या पुढचं सगळं पुसून त्या जागी इंग्रजीत कॉपी (copy) लिहा, उघडल्यावर प्रत्येकाला स्वतःची प्रत करायला विचारतं आणि तुमची मूळ फाइल कोणाच्या हातून बिघडत नाही. फोन स्क्रीनवर दाखवायच्या आधी डू नॉट डिस्टर्ब लावाच, माझ्या घरचा एक खाजगी मेसेज सगळ्या वर्गाने वाचलाय.

चॅटजीपीटी वगैरे मी प्रश्न काढायला वापरते, "या घटकात मुलं कुठे चुकतात आणि त्या चुकांवरून चुकीचे पर्याय दे" असं विचारलं की चांगला कच्चा माल मिळतो. पण उत्तरं ते इतक्या ठामपणे चुकीची देतं की प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवल्याशिवाय वर्गात नेऊ नका. आणि मुलांची नावं, मार्क, घरची परिस्थिती त्यात कधीच टाकू नका. मार्कांची शीट पालकांच्या ग्रुपवर टाकणं पण बंद करा, ज्याचे मार्क कमी आहेत तो मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात मान खाली घालून बसतो, ज्याचे त्याला वेगळे पाठवा, वेळ लागला तरी चालेल.