शोधाच्या निकालावर लूप चालवण्यापूर्वीची तयारी

डेटाबेसमधून शोधून आणलेल्या ओळी एकेक करून हाती देणारा क्लास लिहायला घेण्यापूर्वी, त्या ओळी एकदम मेमरीत येणार आहेत की कर्सर (निकालातल्या चालू ओळीवरची खूण) सरकेल तशा थोड्या थोड्या, याची खात्री करून घ्यावी. लूप पाहून हे कळत नाही. जावाच्या जेडीबीसीमध्ये, म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, ते ड्रायव्हरवर (त्या त्या डेटाबेसशी जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ठरते. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर एरवी संपूर्ण निकाल ओढून घेतो, आणि त्याला टप्प्याटप्प्याने आणायला लावायचे तर ऑटोकमिट (प्रत्येक आदेश लगेच आपोआप पक्का करणे) बंद करणे व फेच साइझ (एका फेरीत किती ओळी आणायच्या तो आकडा) देणे ही दोन्ही कामे करावी लागतात. एकच केले तर काहीही बदलत नाही आणि तशी सूचनाही मिळत नाही. ओरॅकलचा ड्रायव्हर मात्र मुळात एका फेरीत १० ओळी आणतो, म्हणजे मोठ्या निकालासाठी तिथे आकडा वाढवावा लागतो.

सर्वांत जास्त वेळ इटरेटरच्या, म्हणजे ओळी एकेक करून हाती देणाऱ्या त्या क्लासच्या, रचनेला द्यावा. रिझल्टसेटची (जेडीबीसीकडून मिळणाऱ्या निकालाच्या ऑब्जेक्टची) नेक्स्ट ही मेथड कर्सर पुढे सरकवते आणि ओळ मिळाली की नाही हेही सांगते, तर इटरेटरची हॅजनेक्स्ट (पुढे काही आहे का हे सांगणारी मेथड) कितीही वेळा विचारली तरी काही हलू नये अशी अपेक्षा असते. हॅजनेक्स्टमध्ये थेट रिझल्टसेटचे नेक्स्ट बोलावले, आणि वापरणाऱ्याने लूपच्या अटीत एकदा व नावापुढे स्वल्पविराम द्यायचा का हे पाहण्यासाठी आत पुन्हा एकदा ती विचारली, तर पाच नावांपैकी पहिले, तिसरे आणि पाचवे तेवढे छापले जाते. स्वल्पविराम अगदी जागच्या जागी असतात आणि एरर कुठेच नसते. म्हणून एक ओळ आधीच वाचून ऑब्जेक्टमध्ये राखून ठेवण्याची सोय सुरुवातीलाच करावी.

रिझल्टसेट कोण बंद करणार, हेही आधी लिहून ठेवावे. २०११ मध्ये जावा ७ सोबत आलेले ट्राय-विथ-रिसोर्सेस (ब्लॉक संपताच त्यात उघडलेले आपोआप बंद करणारी रचना) सोयीचे खरे, पण त्या ब्लॉकच्या आतून इटरेटर परत केला तर घेणाऱ्याच्या हाती बंद झालेला कर्सर पडतो. शिवाय फॉर-ईच लूप मध्येच ब्रेकने सोडला तर तो इटरेटरला बंद करत नाही. माझ्या मते ही जबाबदारी मागणाऱ्यावरच टाकावी आणि क्लासला क्लोज मेथड द्यावी. लूप चालू असताना तेच स्टेटमेंट (क्वेरी चालवणारे ऑब्जेक्ट) पुन्हा चालवले जात नाही ना, हे पाहावे, कारण त्याने आधीचा रिझल्टसेट बंद होतो.

रिझल्टसेटची गेटइंट ही पूर्णांक वाचणारी मेथड रिकाम्या (नल) रकान्यासाठी शून्य देते, तेव्हा जिथे शून्याला अर्थ आहे तिथे लगेच वॉजनल (आत्ता वाचलेला रकाना रिकामा होता का) विचारावे. क्रमाला महत्त्व असेल तर क्वेरीत ऑर्डर बाय लिहावे. चाचणीसाठी एकही ओळ नसलेला, एकच ओळ असलेला आणि अर्ध्यावर सोडून दिलेला, असे तीन निकाल तरी तयार ठेवावेत.